कानानं निवडलेला हौदा

फोन माझ्या नवऱ्यानं, संजयनं उचलला, तिथेच मला कळायला हवं होतं. मामाजींचा फोन दुसऱ्या कुणी उचललेला त्यांना चालत नसे. कितीही धाप लागलेली असली तरी ते स्वतःच उचलायचे. आधी श्वास ऐकू यायचा आणि मग "बोल, माय". त्या दिवशी मी जयपूरच्या ट्रान्सपोर्ट नगरमध्ये एका भंगारवाल्याच्या आवारात उभी होते. एका हातात मामाजींची हातोडी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि समोर पत्र्यांच्या ढिगाला टेकवून ठेवलेला एका जुन्या पिकअपचा हौदा. मला त्यांना एवढंच सांगायचं होतं की सापडला. संजय म्हणाला, "सुषमा, घरी ये." मी म्हटलं, "अरे, त्यांना दे ना फोन, हौदा मिळाला." त्याचं पुन्हा तेच, "तू घरी ये." रिक्षा आमच्या गल्लीत वळली तरी मी मनातल्या मनात हौद्याचंच वर्णन जुळवत होते, त्यांना कसं सांगायचं ते. दारात पोचले तर ऑक्सिजनचं यंत्र बंद होतं. त्या यंत्राच्या घरघरीशिवाय आमचं घर कसं ऐकू येतं, हे मी विसरूनच गेले होते.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आम्ही मूर्तिजापूरकडची माणसं, आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. ते रेल्वेत होते, गाड्या तपासायच्या खात्यात. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेनं चाकं ठोकत जाणारा जो माणूस असायचा, तो माणूस. चांगलं चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. शेवटच्या डब्यापर्यंत पोचलं की हात वर करून ते म्हणायचे, "फिट." भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले, इथेच निवृत्त झाले. तोवर संजयही रेल्वेत लागला होता, मालगाडीवर गार्ड म्हणून, तोही इथेच. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेल्या. राजा पार्कच्या मागच्या गल्लीत आम्ही तिघं, आणि संजय आठवड्यातला निम्मा वेळ गाडीवर. म्हणजे खरं तर दोघंच. ठोकून पाहायची सवय मामाजींची काही सुटली नाही. आमच्या लग्नात आलेलं प्रत्येक पातेलं त्यांनी टिचकी मारून पाहिलं होतं आणि माझ्या मावशीनं दिलेल्या कढईला सगळ्यांदेखत "हे बद्द हाये" म्हणाले होते. मावशी अजून ते विसरलेली नाही.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, आणि का सांगू नये? माझ्या आईला सही करता यायची नाही. मामाजींना याचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान. दूधवाला असो की विजेचं मीटर वाचायला आलेला माणूस, "ये हमारी बहू है, बी.ए. पास," ही ओळख ठरलेली. बाहेरच्यांसमोर कौतुक आणि घरात टोमणे. पोळी करपली की, "काहून व, बी.ए.मंधी आच कमी करायचं शिकवत नाहीत का?" मी म्हणायची, "शिकवतात मामाजी, पण त्या दिवशी मी गैरहजर होते." जयपूरला आल्यावर मी एका शाळेत शिकवायला लागले होते. मामाजींचं दुखणं वाढलं तशी ती नोकरी सोडली. कुणी सोडायला लावली नाही, दुसरं कुणी घरात नव्हतं एवढंच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक पिकअप घेतली. आमेरच्या पुढे एका शेतात उभी होती, त्यांच्या स्वतःच्या जन्माच्या आसपासची. गोल दिवे, मधून दुभंगलेली पुढची काच, आणि स्टिअरिंग फिरवायला पैलवान लागावा असं. केबिन आणि चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, धडधाकट, पण मागचा हौदा पार गेलेला. आधीचा मालक तिच्यातून सांभरचं मीठ वाहायचा, आणि मिठानं पत्रा असा खाल्ला होता की मांजर वरून चढलं तर खालून निघावं. मामाजींनी तो सडका हौदा कापून टाकला आणि गाडी अंगणात आणून लावली. पुढून गाडी, मागून नुसता सांगाडा. नवा हौदा सावकाश निवडू म्हणाले. इंजिन उघडण्यात, ब्रेक बसवण्यात वर्षं गेली, आणि मग त्यांच्या फुफ्फुसांनी हात टेकले.

डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं, तेव्हापासून मामाजींचं जग एका नळीएवढं झालं. यंत्र त्यांच्या खोलीत, तिथून लांब पारदर्शक नळी. ती न्हाणीघरापर्यंत पुरायची, ओट्यापर्यंत पुरायची, अंगणात उतरून गाडीच्या केबिनपर्यंत पुरून थोडी उरायची, पण फाटकापर्यंत पुरायची नाही. आयुष्यभर स्टेशनावर काम केलेला माणूस, ज्याच्यासमोरून रोज गाड्या सुटल्या, तो फाटकाच्या अलीकडे अडकला. बाहेर जाणं म्हणजे दवाखाना, आणि तेही ॲम्ब्युलन्समध्ये आडवं होऊन छत पाहत. संजय म्हणाला, टॅक्सी करू, सिलिंडर घेऊ, कुठेतरी फिरून येऊ. एकदा नेलंही. ड्रायव्हर सारखा आरशातून नाकातली नळी बघत होता. परत आल्यावर मामाजी म्हणाले, "मी का पार्सल हावो?" आणि त्यानंतर टॅक्सीचं नाव काढू दिलं नाही.

मग त्यांच्या डोक्यात ते आलं. स्वतःच्या गाडीत, पुढच्या सीटवर सरळ बसून बाहेर जायचं. सिलिंडर केबिनमध्ये नाही, तिथे पेट्रोलचा वास. सिलिंडर मागे हौद्यात, पुढच्या भिंतीला कड्या मारून उभा जखडलेला, आणि नळी मागच्या खिडकीतून आत. गाडी मी चालवायची. जायचं कुठे? तर आमेरपर्यंत आणि परत. "गाडी जिथून आनली तिथं तिले दाखवून आनू," म्हणायचे. अडत होतं एका हौद्यावर. घरीच पत्रा आणून वेल्डिंग करावं, तर घरात ऑक्सिजन चालू. ठिणगीचं नाव घ्यायची सोय नव्हती. तेव्हा तयार हौदाच हवा. इथले लोक त्याला डाला म्हणतात, आणि ट्रान्सपोर्ट नगरमध्ये डाले हवे तेवढे मिळतात. लाकडी फळ्यांचा बनवून घ्यावा, तर मामाजी म्हणायचे की फळी सुकली की कडी हलते, आणि कडी हलली की सिलिंडर हलतो. नव्या पातळ पत्र्याचा म्हणजे नुसता पिंप. त्यांना त्याच जातीच्या गाडीचा जुना, मूळचा हौदा हवा होता, कारण त्याची पुढची भिंत जाड असते. सी-स्कीममध्ये राहणारे, जुन्या गाड्या जमवणारे एक साहेब गाडी बघायला आले होते, तेही म्हणाले, "अंकल, ओरिजिनल ही लगाइए, वरना ये बस एक पुरानी गाड़ी रह जाएगी." ते गेल्यावर मामाजी नळी सारखी करत मला म्हणाले, "जुना तं मी बी हावो. मले कोन ओरिजनल पार्ट देऊन रायलं?"

पण जुना हौदा म्हणजे रंगाखाली काय असेल सांगता येत नाही. भोकं पुट्टीनं बुजवून वर रंग मारला की नव्यासारखा दिसतो. चुंबक लावून बघतात, पण पुट्टी पातळ असली तर चुंबक वरूनही चिकटतं. मामाजींचा भरवसा एकाच गोष्टीवर, हातोडीवर. पत्रा असेल तर वाजेल, पुट्टी असेल तर बद्द. आणि ते स्वतः जाऊ शकत नव्हते. तेव्हा त्यांनी ठरवलं की हातोडी मी मारायची आणि मोबाईलवरून ते ऐकायचं.

ते माझे दिवस आठवले की मला अजून हसू येतं. ओढणी खोचून मी ढिगाऱ्यांतून चढायची, एका हातानं मोबाईल पत्र्याजवळ धरायचा, दुसऱ्या हातानं हातोडी. पलीकडून सूचना. "भितीच्या मधात मार. आता कोपऱ्यात. जोरानं मार व, पत्रा हाये, पापड नाही." मी मारायची. थोडा वेळ काहीच नाही. मग, "बद्द. पुट्टी हाये. पुढं चाल." भंगारवाला, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, तो आधी चहा पाजायचा, मग वैतागायला लागला. "मैडमजी, आप तो ऐसे ठोक रही हो जैसे मटका ख़रीदने आई हो." दुसऱ्या एखाद्या गाडीवरून उतरवलेला हौदा आला की तो मला निरोप पाठवायचा, मी जायची, ठोकायची, आणि मामाजी म्हणायचे बद्द. शेवटी उस्ताद म्हणाला, "बाऊजी को बोलो, पुट्टी मेरे डाले में नहीं, उनके फ़ोन में है." मी ते घरी येऊन सांगितलं. मामाजी रागावले. म्हणाले, मी चाकं ऐकलीत, हा मला शिकवतो का?

तोवर थंडी सुरू झाली होती. घरी आमचं दुसरं काम चालायचं. मी लायसन्स काढलं होतं, मामाजींच्या हट्टापायी, पण त्या गाडीचे गिअर काही वेगळेच. दुपारी ऊन अंगणात आलं की ते नळीसकट माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसायचे. इंजिन बंद. मी क्लच दाबायची, गिअर टाकायची, ते हातानं दुरुस्त करायचे. आमच्या अंगणाला फाटकाकडे उतार आहे. कधी लहर आली की म्हणायचे, "सोड ब्रेक." मग ती अर्धी गाडी आवाज न करता फाटकाकडे घरंगळायला लागायची, आणि मामाजी काचेतून समोर बघत बसायचे, तोंडावर असं काही की जणू निघालोच. नळी ताणली गेली की म्हणायचे, "बस." मी ब्रेक दाबायची. फाटकाच्या गजांतून रस्ता दिसायचा, भाजीवाल्याची गाडी, शाळेतून येणारी मुलं... तिथे आम्ही दोघं थोडा वेळ बसून राहायचो. एकदा मी म्हटलं, "मामाजी, जरा पुढे मशीन ठेवलं तर?" ते म्हणाले, "वायर तेवढीच हाये. मंग एक्स्टेन्शन लावशीन, मंग नळी वाढवशीन, आन् फाटक काही जवळ येनार नाही." आणि मग माझ्याकडे न बघता, "तू तं नळी न लावता बी हतंच हायेस नं. दोघं बी एकाच जागी बांधेल हावो आपन." ते खरं होतं, आणि त्यांनी ते ओळखलेलं होतं, यानंच मला त्या दिवशी बरं वाटलं. ते उतरून आत गेले की मी इंजिन चालू करून गाडी मागे घ्यायची. रिव्हर्स मला उत्तम येतो, पुढे जायचा सराव मात्र तेवढ्या उताराएवढाच.

उलगडा झाला तो अगदी फालतू गोष्टीतून. एक हौदा नाकारून मी ट्रान्सपोर्ट नगरहून परत आले होते, चिडलेली. अंगणात शिरताना ते फोन करून विचारत होते की पोचलीस का. बाहेर धुळीचा वारा होता म्हणून खोलीची दारं-खिडक्या घट्ट बंद. मी तिथूनच म्हटलं, "थांबा, अजून एक राहिलाय, हे ऐका," आणि मोबाईल जवळ धरून हातोडी आमच्याच गाडीच्या चासीवर मारली. ती चासी म्हणजे त्यांचा जीव. कुणी आलं की तिला ठोकून दाखवायचे, देवळातल्या घंटेसारखी वाजते म्हणून. माझ्या कानात ती तशीच वाजली, खणखणीत. फोनमधून ते म्हणाले, "बद्द. एकदम बद्द. कोनाची हाये ही?"

"तुमची आहे, मामाजी."

मग खिडकी उघडली. "मार पुन्हा," ते खिडकीतून म्हणाले. मी मारली. मग खिडकी लावून म्हणाले, आता फोन जवळ धरून मार. मी तशी मारली. मग ते हसायला लागले. हसता हसता ढास लागली, मी धावत आत गेले, पाठ चोळली, आणि डोळ्यांतून पाणी येत असताना ते म्हणत होते, "मोबाईलनं गंडवलं व माय... मानसाचा आवाज तेवढा येऊ देते थो, बाकीचा सारा गिळते." उस्तादनं टोमणा मारला होता ते अक्षरशः खरं निघालं. मी त्यांना म्हटलं, "बी.ए.ला हे नव्हतं, मी स्वतः शोधलंय हं."

हसून झाल्यावर मात्र दोघांनाही तेच सुचलं. नाकारलेले सगळे हौदे बहुधा चांगले होते. त्यातला कुठलाही एक घेतला असता तर दिवाळीतच फाटकाबाहेर गेलो असतो. मामाजी बराच वेळ पायांकडे बघत बसले. त्यांचे पाय तोवर सुजायला लागले होते. मी विचारलं, "आता कसं करायचं?" ते म्हणाले, "तुले माठ घेता येते?" म्हटलं, येतो की, आईबरोबर बाजारात जाऊन मीच ठोकून घ्यायची. "मंग झालं. आता फोन लावू नको. तुयाच कानानं आन." मी म्हटलं, चुकले तर? तर म्हणाले, "चुकशीन तं चुकशीन. मी का बरोबर होतो?"

उस्तादला खरं ते सांगितलं. तो इतका हसला की शेजारच्या दुकानातली माणसं गोळा झाली. पण जुने हौदे तोवर विकले गेले होते. पुन्हा वाट बघणं आलं. ते आठवडे फार वाईट होते. मामाजी ओट्यापर्यंत येईनासे झाले, मग खोलीतल्या खुर्चीपर्यंतच. नळी लांबच लांब पडून असायची, गुंडाळी करून, आणि त्यांना तिची लांबी लागायची नाही. मी बाहेरून आले की पहिला प्रश्न, "वाजला?" मी नाही म्हणायची. त्या दिवशी उस्तादचा निरोप आला तेव्हा संजय घरी होता. मामाजी म्हणाले, जा, तो आहे ना. मी हातोडी घेतली. दारातून मागे बघितलं तर त्यांनी हात थोडा वर केला होता, गाडी सोडताना करायचे तसा.

हौद्याची पुढची भिंत मी मधोमध ठोकली, कोपऱ्यांत ठोकली, तळ ठोकला. तो वाजला. उस्ताद काही म्हणायच्या आत मला कळलं होतं, आणि आवाज पुरता विरायच्या आत मी फोन लावला. बाकीचं वर लिहिलंच आहे.

मामाजींच्या पुण्यानुमोदनाला माणसं बरीच आली, रेल्वेतली, गल्लीतली. बुद्धवंदना झाली. उस्तादही आला होता, टोपी हातात धरून मागे बसला. जाताना म्हणाला, "मैडमजी, डाला किसी और को दे दूँ?" संजयनं माझ्याकडे बघितलं. सी-स्कीमचे साहेबही आधी विचारून गेले होते, गाडी आहे तशी घ्यायला तयार होते, आणि संजयला ते पटत होतं. कोण वापरणार आता? मी म्हटलं, हौदा घरी आणा. उस्तादची माणसं आली, त्यांनी अंगणात वेल्डिंगचं सामान मांडलं. आता ठिणग्या उडायला काही हरकत नव्हती. आता तर तो मिठानं खाल्लेला जुना हौदासुद्धा इथेच ठिगळं लावून दुरुस्त करता आला असता... मी आतल्या खोलीत जाऊन बसले, पण तिथूनही भिंतीवर उजेड नाचताना दिसत होता. थोड्या वेळानं उस्तादनं हाक मारली. "कड़ियाँ भी लगानी हैं क्या? सिलिंडर तो अब..." मी म्हटलं, लगानी हैं. मामाजींनी सांगितलं होतं त्याच उंचीवर.

त्यानंतरच्या रविवारी संजय म्हणाला, चल, आमेरला जाऊन येऊ, तू चालव. तो मामाजींच्या सीटवर बसला. मी फाटक उघडलं, गाडीत येऊन बसले, इंजिन चालू केलं आणि ब्रेक सोडला. गाडी उताराला लागली. फाटकाच्या अलीकडे, मामाजी "बस" म्हणायचे त्याच जागी, माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि इंजिन बंद पडलं. समोर फाटक सताड उघडं होतं. संजय म्हणाला, "काय झालं?" मी उतरले, सीटखालची हातोडी काढली, मागे जाऊन हौदा ठोकला आणि थांबले, पलीकडून ते काही म्हणेपर्यंत जेवढं थांबायची सवय झाली होती तेवढं. तो वाजत राहिला. मग मीच "फिट" म्हटलं आणि पुन्हा स्टिअरिंगवर जाऊन बसले.

आमेरला जाऊन आलो. शेताचा मालक ओळखीचा निघाला, त्यानं गाडीला हात लावून बघितलं. आता मी बाजारातही ती गाडी नेते, शाळेत पुन्हा विचारायला गेले तेव्हाही तीच नेली. पण फाटकाच्या अलीकडे त्या एका जागी माझा पाय अजून ब्रेकवर जातो. दर वेळी. नळी ताणली गेल्यासारखी गाडी क्षणभर तिथे थबकते, आणि मगच पुढे निघते.